कागदांत हरवलेला सुतार
(जुन्या दप्तरांतून एका कारागिराचा माग कसा काढावा?)

– द्वितीय वर्ष कला

शनिवारवाडा कोणी बांधला, असे शाळेतल्या मुलाला विचारले तर तो तत्काळ ‘पहिल्या बाजीराव पेशव्यांनी’ असे उत्तर देईल. एखादा हुशार विद्यार्थी पायाभरणीची तारीख १० जानेवारी १७३०, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ आणि खर्च १६,११० रुपये हेही सांगेल. उत्तर बरोबरच आहे. परंतु बाजीरावांनी स्वतः हाती करवत धरली नव्हती. जुन्नरच्या रानातून आलेला साग कोणी तासला? खांबावर तुळई कोणी बसवली? या प्रश्नांना आपल्या पाठ्यपुस्तकात जागा नसते.

सुदैवाने शनिवारवाड्याच्या बाबतीत उत्तर मिळते. शिवराम कृष्ण यांच्या देखरेखीखाली काम करणारे देवाजी व कोंडाजी सुतार, मोरारजी पाथरवट, जडावकामात निपुण असलेला भोजराजा आणि चितारी राघो ही नावे वाड्याच्या इतिहासात टिकून राहिली आहेत. पण दैवाची गंमत अशी की, २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत होती आणि तीत लाकूडकाम जळून गेले. दगडी तट व चौथरे तेवढे उरले. म्हणजे देवाजी-कोंडाजींची नावे राहिली आणि हातची कामे गेली.

आमच्या शिरूर-दौंड भागात याच्या अगदी उलट घडले आहे. भीमा आणि घोडनदीच्या काठच्या गावांतून आजही जुन्या वाड्यांचे कोरीव खांब, देवळांचे दिंडी-दरवाजे, घरोघरचे देव्हारे व पाळणे पाहावयास मिळतात. कामे आहेत, पण ती करणाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. अशा एखाद्या सुताराचे नाव, गाव, बाप आणि काळ शोधून काढायचा झाल्यास तो कसा काढावा, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

परदेशात हे काम कसे चालते?

अमेरिकेत जुन्या खुर्च्या व त्या करणारे सुतार यांच्या शोधाला इतिहासाची एक शाखाच मानले जाते. तेथील संशोधकांच्या हाती पुष्कळ साधने असतात. माणूस मेल्यावर त्याच्या घरातील वस्तूंची न्यायालयात दाखल होणारी यादी, दुकानदारांच्या हिशेबवह्या, शिकाऊ मुलाला उस्तादाकडे ठेवताना होणारे करारनामे, वर्तमानपत्रांतील जाहिराती, शहरातील धंदेवाल्यांच्या छापील याद्या आणि दर दहा वर्षांची शिरगणती, ही ती साधने होत. सॅम्युएल ग्रॅग नावाच्या बोस्टनच्या कारागिराने लाकूड वाफेवर वाकवून एक लवचिक खुर्ची बनवली आणि १८०८ साली तिचे पेटंट घेतले. त्या पेटंटमुळे त्याचे नाव व साल पक्के झाले. लॅम्बर्ट हिचकॉक (१७९५–१८५२) हा कनेक्टिकट राज्यातला. तो तर आपल्या कारखान्यातल्या खुर्च्यांवर छापा वापरून स्वतःचे नाव व गाव रंगवीत असे. फिलाडेल्फियाचे काही सुतार बैठकीच्या खालच्या अंगाला तापलेल्या लोखंडाने नावाचा डाग देत. खुर्ची उलटी केली की करणारा समोर उभा!

आपल्याकडे असे का झाले नाही? पहिले कारण असे की, आपल्या खेड्यांत खुर्चीच नव्हती. ‘खुर्ची’ हा शब्द अरबी ‘कुर्सी’वरून आला, ‘बाक’ पोर्तुगिजांकडून आला आणि ‘टेबल’ इंग्रजांकडून. आपले स्वतःचे म्हणजे पाट, चौरंग, बाज, माचा. खेड्यात खुर्ची शिरली ती कचेरी, शाळा आणि छावणी यांच्या मागून. आमच्या शिरूरला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कोरेगावकडे निघालेली कॅप्टन स्टॉन्टनची पलटण याच शिरूरहून गेली. १८०९ साली येथे वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर आजही त्याचे नाव सांगते. छावणीबरोबर साहेबाची बसण्या-लिहिण्याची पद्धत आली, आणि तसले सामान करणारे हातही लागू लागले. कबरीवर नाव साहेबाचे राहिले, सुताराचे नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. अमेरिकन सुतार गिऱ्हाइकाला वस्तू विकत होता. विकणाऱ्याला नावाची गरज असते. आपला सुतार मात्र गावाचा बलुतेदार होता. नांगराचे हाळीस मोडले, जू तडकले, तिफणीचे चाडे निखळले, मोटेचे चाक झिजले की कुणबी त्याच्या दारी येई. मोबदला रोख नव्हता, तो सुगीत खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. सारा गाव त्याला ओळखत होता, मग नांगरावर नाव घालून तो कोणाला सांगणार होता? त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे बारीकसारीक वर्णन केले आहे. सुतार, लोहार, चांभार, महार हे पहिल्या ओळीचे म्हणजे थोरल्या कासेचे बलुतेदार, कारण शेती त्यांच्यावाचून अडत असे.

मुंबईच्या वाडियांचे उदाहरण येथे ताडून पाहण्यासारखे आहे. लवजी नसरवानजी हे मूळ सुरतेचे जहाज बांधणारे सुतार. ते मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या गोदीत जहाजे बांधली. १८१७ साली मुंबईत बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे, आणि ते जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधले हे सर्वांना ठाऊक आहे. कारण धनी ईस्ट इंडिया कंपनी होती व तिने जमाखर्च लिहून ठेवला. तात्पर्य, सुतार कागदावर राहतो तो त्याच्या कसबामुळे नव्हे. तो ज्या हिशेबात बसतो तो हिशेब टिकला तर तो राहतो. म्हणून शोध घेणाऱ्याने प्रथम विचारावे की, हा माणूस कोणाच्या हिशेबात होता?

कागद कोठे आहेत?

गावच्या सुताराचा हिशेब चार ठिकाणी होत असे. गावकीत, वतनाच्या तंट्यात, सरकारच्या जमीन-दप्तरात आणि पुढे जन्म-मृत्यू व शाळेच्या नोंदीत. शोध नेहमी आजपासून मागे न्यावा. शिवकाळापासून पुढे येऊ पाहणारा बहुधा वाटेत हरवतो.

अगदी अलीकडची पायरी म्हणजे शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. त्यात मुलाचे नाव, जात, जन्मतारीख व पालकाचा धंदा नोंदलेला असतो. त्याच्यामागे ‘कोतवाल बुक’ म्हणजे गाव नमुना १४. गावात जन्मलेल्या व मेलेल्या माणसांची ही नोंदवही. यात बापाचे नाव व जात आढळते. ही पाने कित्येक ठिकाणी मोडीत आहेत, कारण स्वातंत्र्यानंतर काही वर्षांपर्यंत गावचे लिखाण मोडीत चालत असे.

जमिनीच्या कागदांत सातबारा सर्वांना माहीत आहे. पण सातबारा म्हणजे वृक्षाचा शेंडा होय. मुळाकडे जायचे तर फेरफार नोंदवही पाहावी. हक्कनोंदणीची पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने सुरू झाली. ‘अमुक मयत, वारस अमुक’ अशी एक ओळ फेरफारात सापडली की एक पिढी मागे जाता येते. सुताराला गावाने सेवेबद्दल जमीन दिली असेल तर ती दुमाला जमिनींच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ३ मध्ये, शोधावी. ‘दुमाला’ म्हणजे जिचा सारा सरकारने दुसऱ्याला सोडून दिला ती जमीन. शिरूर तालुक्यातील पिंपरी दुमाला या गावाच्या नावात हाच शब्द आहे. इंग्रजांनी इनामांचे वर्ग पाडले, तेव्हा गावकामगारांची इनामे सहाव्या वर्गात आली. त्यातही ‘सरकारोपयोगी’ व ‘रयतोपयोगी’ असे दोन भाग झाले. सुतार-लोहार हे रयतोपयोगी. ही रयतोपयोगी सेवा इनामे १९५३ च्या कायद्याने नाहीशी करण्यात आली. त्यामुळे त्या सुमाराच्या फेरफारांत अशा जमिनी कोणाच्या नावे लागल्या हे पाहिल्यास सुतारांची नावे हाती येतात.

याच्याही मागे मोजणीचे कागद. आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात १८३६ साली विंगेट व गोल्डस्मिड यांनी जी मोजणी व जमाबंदी केली, तीच पुढे सबंध इलाख्याला नमुना ठरली. येथे दौंडकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या इंग्रजी अमदानीत दौंड हे भीमथडी तालुक्यात होते आणि इंग्रजी कागदांत ते ‘धोंड’ असे लिहिले जाई. ‘दौंड तालुका’ असे नाव घेऊन जुने कागद मागणारा रिकाम्या हाताने परतेल. त्याने भीमथडी मागावी.

सर्वांत मागची पायरी म्हणजे पुण्याचे पेशवे दप्तर. तेथे कापडात बांधलेले कागदांचे हजारो रुमाल आहेत. त्यांतील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत छापून प्रसिद्ध केले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ आणि १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ हीही मोठीच भांडारे होत. रा. वि. ओतुरकर यांनी संपादित केलेला पेशवेकालीन सामाजिक व आर्थिक पत्रव्यवहार कारागिरांच्या दृष्टीने विशेष उपयोगी आहे. याच छापील कागदांचा अभ्यास करून हिरोशी फुकाझावा या जपानी विद्वानाने १९७२ साली असे दाखवून दिले की, महाराष्ट्रातील बलुतेदार हा एखाद्या कुळाचा आश्रित नव्हता, तो सबंध गावाचा वतनदार सेवक होता. आपल्या सुतार-कुंभारांचे कागद जपानमध्ये वाचले जातात आणि आपण ते वाचत नाही, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

महजरावरचे किंकरे

वतनावरून तंटा झाला म्हणजे गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारांच्याही साक्षी होत. बहुतेकांना लिहिता येत नसे. तेव्हा लिहिणारा नाव घाली आणि नावापुढे त्या माणसाच्या हत्याराची निशाणी काढली जाई. पाटलाचा नांगर, तशी सुताराची किंकरे-वाकसासारखी आपल्या हत्याराची खूण. मला हा सर्व विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. हिचकॉकने खुर्चीवर आपले नाव घातले. आपल्या सुताराने लाकडावर नाव घातले नाही, पण कागदावर आपले हत्यार घातले. ज्याला अक्षर येत नव्हते त्याने आपल्या कसबाचीच सही केली.

शिवाय सुतारकी हे वतन होते. ते भावांत वाटले जाई, गहाण पडे, प्रसंगी विकलेही जाई. अशा प्रत्येक वेळी कागद होई आणि कागदात ‘अमुक बिन तमुक सुतार, मौजे अमुक’ असा उल्लेख येई. ‘बिन’ म्हणजे पुत्र. तंटा जुना असेल तर वादी आपल्या बापाचे, आज्याचे, पणज्याचे नाव सांगून हक्क सिद्ध करू पाही. त्यामुळे एकाच कागदात तीन-चार पिढ्या मिळून जातात. गुण्यागोविंदाने राहिलेल्या घराचे नाव दप्तरात क्वचितच सापडते, भांडलेल्यांचे हमखास सापडते!

तथापि एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. हे कागद वतनदार सुताराचे आहेत. पोटापाठी दुसऱ्या गावाहून आलेला उपरी सुतार, रोजावर काम करणारा गडी, यांना वतन नाही म्हणून तंटा नाही, आणि तंटा नाही म्हणून कागद नाही. बायकांचे तर विचारूच नये. लाकडे वाहणारी, घर चालवणारी सुतारीण कागदावर येते ती बहुधा विधवा झाल्यावर, वतनाचा वारस कोण हा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे.

काळ कसा ओळखावा?

जुन्या कागदावर इसवी सन नसतो. तेथे अरबी शब्दांत लिहिलेला सुहूर सन असतो. वाचणारा प्रथम घाबरून जातो, पण युक्ती सोपी आहे. समजा ‘सन इसन्ने सबैन मया व अलफ’ असे लिहिले आहे. इसन्ने म्हणजे दोन, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. एकं, दहं, शतं अशा उलट्या क्रमाने वाचून बेरीज केली की ११७२ होतात. सुहूर सनात ५९९ मिळवले म्हणजे इसवी सन येतो, आणि वर्ष मृगाला सुरू होत असल्याने पुढच्या जानेवारीपासून ६०० मिळवावे लागतात. म्हणजे हा कागद १७७१-७२ मधला झाला. फसली सन दिला असेल तर तो सुहूर सनाच्या नऊ वर्षे पुढे असतो, म्हणजे येथे ११८१. शालिवाहन शकात ७८ मिळवावे, हे आपणां सर्वांना माहीतच आहे.

नाव सापडले म्हणजे माणूस सापडला काय?

नव्हे. येथेच खरी परीक्षा आहे. आपल्याकडे आज्याचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आहे. समजा, १७७२ च्या कागदात ‘राणोजी बिन संताजी सुतार’ आहे आणि १८२० च्या कागदातही तेच नाव आले. हा एकच मनुष्य, की पहिल्याचा नातू? पहिला राणोजी १७७२ साली साक्ष देण्याइतका जाणता, म्हणजे निदान वीस-पंचवीस वर्षांचा असला, तर १८२० साली तो सत्तरीच्या घरात असेल. अशक्य नाही, पण आज्याचे नाव नातवाने व बापाचे नाव मुलाने चालवले, तर नातूही ‘राणोजी बिन संताजी’च होतो! अमेरिकन संशोधकांनाही हीच अडचण येते. तेथे एका गावात एकाच नावाचे बाप-लेक खुर्च्या करीत असले म्हणजे कोणती खुर्ची कोणाची, यावर वाद होतात.

म्हणून नियम असा की, केवळ नावावरून ओळख पटवू नये. गाव, बापाचे नाव, वतनाचा हिस्सा, शेजारी साक्षीदार आणि काळ या पाच गोष्टींपैकी निदान तीन जुळल्या पाहिजेत. साक्षीदारांकडे तर विशेष लक्ष द्यावे. त्याच पाटलाबरोबर व त्याच लोहाराबरोबर त्याचे नाव आले असेल तर तो त्याच पिढीतला.

आडनावाचा घोळ निराळाच. जुन्या कागदात ‘सुतार’ हा धंदा आहे, जातही आहे. इंग्रजी शाळा निघाल्यावर मास्तरांनी आडनाव विचारले तेव्हा कोणी ‘सुतार’च सांगितले, कोणी कुळीचे नाव सांगितले, कोणी गावाला ‘कर’ लावला. त्यामुळे एकाच आज्याची नातवंडे तीन आडनावांनी वावरताना दिसतात. अशा वेळी त्र्यंबकेश्वर किंवा नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या उपयोगी पडतात. यात्रेला गेलेल्या माणसाने आपले गाव, बाप, आजा, भाऊ व मुले यांची नावे तेथे सांगितलेली असतात. वतनाच्या कागदात बसत नाही असा गरीब सुतारही तेथे सापडू शकतो, कारण यात्रा सर्वांनाच घडते.

रेल्वेचेही दप्तर विसरू नये. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. आमच्या भागातील कित्येक कारागीर घरचे वाकस सोडून रेल्वेच्या नोकरीत गेले. नोकरीच्या पुस्तकात बापाचे नाव व मूळ गाव असते.

या जोडीला गावाचे वर्णन करणारी पुस्तके वाचावीत. थॉमस कोट्स याने पुण्याजवळच्या लोणी गावाचे केलेले वर्णन १८२३ साली प्रसिद्ध झाले. ते लोणी म्हणजे पुणे-शिरूर रस्त्यावरील लोणीकंद. त्याच गावाची पुन्हा पाहणी करून डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९६० साली पुस्तक लिहिले. आपल्या शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुकची पाहणी डॉ. हॅरॉल्ड मान व कानिटकर यांनी करून ती १९२१ साली प्रसिद्ध केली. माणसाचे नाव तेथे मिळाले नाही, तरी त्याच्या भोवतीचा गाव मिळतो.

हे सर्व कशासाठी?

वाचक विचारतील, मेलेल्या सुताराचे नाव शोधून काय मिळणार? याचे एक उत्तर मी घरच्या अनुभवावरून देऊ शकतो. आमचे घर दौंड तालुक्यात व आजोळ शिरूर तालुक्यात. दोन्हीकडे पिढीजात सुतारकी. घराण्यात कॉलेजात जाणारी माझी थोरली बहीण पहिली आणि मी दुसरा. तिला नर्सिंगच्या शिक्षणासाठी जातपडताळणीचे प्रमाणपत्र हवे होते. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. वडिलांचे हात रंध्याने घट्टे पडलेले, घराच्या कोनाड्यात आज्याचा वाकस. पण एका कचेरीत आम्हांस सांगण्यात आले की, हत्यार हा पुरावा होत नाही, कागद आणा. बोलणे नियमाला धरून होते. तरी वडील त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत.

मग शोध सुरू झाला. आजोबांचे नाव गावच्या शाळेच्या रजिस्टरात निघाले. पालकाचा धंदा ‘सुतारकी’. त्यामागे कोतवाल बुकात पणजोबा होते, पण नोंद मोडीत. गावात मोडी वाचणारे कोणी उरलेले नाही. दौंडहून शटलने पुण्याला जाऊन एका जाणत्या गृहस्थांकडून ती ओळ वाचून घेतली. ती ओळ पणजोबांच्या जन्माची वा लग्नाची नव्हती. त्यांची एक मुलगी लहानपणीच वारली, तिची ती नोंद होती. बापाचे नाव आणि जात ‘सुतार’. आमच्या घरात त्या मुलीचे नावही कोणाला माहीत नव्हते. तिच्या मृत्यूच्या एका ओळीवर माझ्या बहिणीचे शिक्षण उभे राहिले. आजीला हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

आजी नेहमी सांगते की, गावच्या देवळाचा दरवाजा आमच्याच पूर्वजाने केला. दरवाजावर ना नाव, ना शक. आजीचे म्हणणे हा पुरावा नव्हे, पण ती दिशा आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ऐकीव गोष्ट हसण्यावारी नेऊ नये आणि डोळे मिटून स्वीकारूही नये. ती वहीत टिपून तिच्या मागे कागद लावीत जावा.

हा प्रश्न एकट्या आमचा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा गावोगावचे कोतवाल बुक, शाळांची रजिस्टरे व मोडी कागद कपाटांतून बाहेर आले. मोडी जाणणाऱ्यांना एकाएकी मोल चढले. ज्या कागदांना काल वाळवी लागत होती, त्यांच्यात आजच्या मुलांचे भवितव्य आहे, हे त्यानिमित्ताने सर्वांस कळले.

दुसरे उत्तर असे की, इतिहास केवळ राजे व लढायांचा असला तर आमच्यासारख्यांनी तो दुसऱ्याच्या घरची गोष्ट म्हणून वाचायचा. रायगडावर हिरोजी इंदुलकरांनी जगदीश्वराच्या पायरीवर आपले नाव कोरले, म्हणून गड बांधणाराही आपल्याला आठवतो. ज्यांना पायरी मिळाली नाही त्यांची नावे आपण कागदांतून काढली पाहिजेत.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट, मोडी शिकावी. अक्षरे थोडकी आहेत, रोज तास-दीड तास दिल्यास काही महिन्यांत साधे कागद लागू लागतात. शासनाचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग भरवतो. सुट्टीत गेलो तर आपल्या वर्गातील दहा जण तरी तयार होतील.

दुसरी गोष्ट, गावातील जुना वाडा पाडला जाऊन त्याचे लाकूड विकले जाण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्यावीत, तुळया-पाटांवर शक किंवा अक्षरे असल्यास उतरवून घ्यावीत, आणि सांधे कसे जोडले आहेत, खिळे हातघडीचे आहेत की कारखान्याचे, हे म्हाताऱ्या सुताराला दाखवून विचारावे. लाकूड वाचण्यात तो आपला प्राध्यापक आहे.

तिसरी गोष्ट, कोणाच्या माळ्यावर कागदांचा रुमाल असेल तर तो उचलून आणू नये व रद्दीतही जाऊ देऊ नये. मालकाच्या समोर त्याची छायाचित्रे काढून कागद त्याच्याच घरी नीट बांधून ठेवावेत.

आणि चौथी गोष्ट अगदी सोपी आहे, ती आजच करता येईल. आपल्या घरचा देव्हारा, पाळणा, बैलगाडी, नाहीतर ज्या बाकावर बसून आपण हे वार्षिक वाचीत आहात तो बाक कोणी केला, हे घरी, गावात किंवा कॉलेजच्या शिपाईमामांना विचारावे. नाव, त्याच्या बापाचे नाव, गाव आणि साल एका वहीत लिहावे. देवाजी व कोंडाजी आपल्यापर्यंत पोहोचले ते कोणीतरी एके दिवशी त्यांची नावे लिहिली म्हणून. एवढे काम तर दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखे आहे.